वाईला जायचंय? विचारा!

यंदा पत्रांच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं वाईबद्दलची निघाली. माझं माहेर वाईच्या मधल्या आळीतलं आणि सासर सदाशिव पेठेतलं. तेव्हा उत्तरांत थोडा पक्षपात होणार, हे धरूनच वाचा.

काकू, रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालोय. वाटेत वाईत तासभर थांबायचा विचार आहे. ढोल्या गणपती बघितला की वाई झाली ना? – एक वाचक, कोथरूड

तासाभरात वाईत गाडी लावायला जागा मिळेल, एवढीच खात्री देते. तुमचे सासू-सासरे पसरणी घाटाच्या वळणांनी आधीच हैराण होणार आणि वर गेल्यावर पॉइंटवरच्या गर्दीत तुम्ही त्यांना शोधत फिरणार. त्यापेक्षा महाबळेश्वर या खेपेला राहू द्या आणि अख्खा दिवस वाईलाच द्या. पुण्यापासून जेमतेम नव्वद किलोमीटर. खंबाटकी ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं.

ढोल्या गणपती बघाच, पण नमस्कार करून लगेच फिरू नका. हे मंदिर गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. एकाच दगडातली एवढी भरदार मूर्ती की तिला ढोल्या म्हणण्यावाचून गावाला गत्यंतरच नव्हतं. पण खरी गंमत देवळाच्या पाठीमागे आहे आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन दोन बाजूंना फाटतं, भिंतीवर धडक बसत नाही. लहानपणी पावसाळ्यात आम्ही पुलावर उभं राहून हे बघायचो. घाटाच्या पायऱ्या केव्हाच बुडालेल्या असायच्या आणि गढूळ पाणी देवळाला वळसा घालून निघून जायचं. इंजिनिअर असाल तर सासऱ्यांना तिथे उभं करून समजावून सांगा, तुमचा भाव वाढेल.

शेजारीच काशीविश्वेश्वर आहे, तोही रास्त्यांचाच. तिथल्या नंदीपाशी बसा. काळ्या दगडाचा हा नंदी इतका घोटलेला आहे की हात फिरवल्यावर दगड वाटत नाही. गळ्यातल्या घुंगरमाळा, पाठीवरची झूल, सगळं त्याच दगडातून काढलेलं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी इथे गारवा असतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांना विसाव्यालाही हीच जागा चांगली.

जेवून दुपारी मेणवलीला जा, तीनेक किलोमीटर आहे. तिथला घाट खोल उतरतो. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना वरच सावलीत बसू द्या.

मुलाला शाळेत पेशवाईवर प्रकल्प करायचा आहे. शनिवारवाडा सगळीच मुलं करतात. वेगळं काही सुचवाल का? – एक आई, रास्ता पेठ

अहो, तुम्ही राहता कुठे! तुमच्या पेठेला ज्यांचं नाव मिळालं, ते रास्ते म्हणजे वाईचे रास्तेच. पेठेतला रास्ते वाडा मुलाला दाखवला असेलच, नसेल तर सुरुवात तिथूनच करा. नानासाहेब पेशव्यांची बायको गोपिकाबाई ही याच घरातली लेक. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव ही तिची मुलं. म्हणजे पेशव्यांचं आजोळ वाईत. एवढं एक वाक्य वहीत पहिल्या पानावर घातलं तरी बाई खूश होतील.

पुढे मेणवली. पुण्यात शनिवारवाड्याशेजारी नाना फडणविसांचा नाना वाडा आहे, तसाच त्यांचा मेणवलीचा वाडा. खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आत सोडतात का ते आधी विचारून घ्या. भिंतींवरची जुनी चित्रं फिकट झाली आहेत, त्यांना बोट लावू देऊ नका. वाड्यामागून पायऱ्या उतरलात की कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि एका छोट्या मंडपात टांगलेली प्रचंड घंटा. मुलाला तिच्या अगदी जवळ न्या. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या, त्यातली ही एक. नसरापूरच्या बनेश्वराला तुम्ही सहलीला गेला असाल, तिथेही अशीच घंटा आहे, तिच्यावर १६८३ साल आहे. ती तर सातारा रस्त्यावरच पडते, वाईला जातानाच बघून घ्या. दोन घंटांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवले की निम्मा प्रकल्प झाला.

उरलेला निम्मा येरवड्यात. मेणवलीच्या वाड्यात नानांचे जे कागद होते, ते मेणवली दफ्तर इतिहासकार द. ब. पारसनीस यांच्या संग्रहात आलं. त्यांचं साताऱ्याचं संग्रहालय १९३९ मध्ये पुण्यात, येरवड्यातल्या डेक्कन कॉलेजात हलवलं गेलं. म्हणजे वाडा वाईजवळ आणि त्यातली कागदपत्रं तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. आधी फोन करून वेळ विचारा, मग मुलाला घेऊन जा. मोडी लिपी एकदा डोळ्यांनी बघू दे.

हिंदी सिनेमावाल्यांनी मेणवलीचा घाट इतक्यांदा पडद्यावर आणलाय की मुलगा कदाचित तेवढंच ओळखेल. हरकत नाही, पण प्रकल्पात नको.

घाटावर पोहता येतं का? – कॉलेजचा एक गट, कर्वेनगर

नाही. धोम धरणातून सोडलेलं पाणी तुम्हाला विचारून येत नाही. पाय बुडवा आणि वर या.

कृष्णाबाईचा उत्सव नेमका कधी असतो? दर वर्षी चुकतो. – एक वाचक, सहकारनगर

एका दिवसाचा नाही, म्हणूनच चुकतो. माघापासून सुरू होतो आणि प्रत्येक घाटाची पाळी ठरलेली असते. गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गणपती आळी, आमची मधली आळी, असं करत कृष्णाबाई, म्हणजे कृष्णा नदीची देवी, एकेका घाटावर बसते. अफझलखान चालून आला तेव्हा बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत परंपरेने सांगतात. प्रसादाच्या पंगतीला बसायचं असेल तर ओळखीचं घर शोधा. उत्सवात वाईकर पाहुण्याला नाही म्हणत नाही, एरवीचं सांगत नाही.

रंगपंचमीला शेजारच्या बावधनचं बगाडही असतं, म्हणजे नवसकऱ्याला उंच खांबाला टांगून बैलांनी ओढायचा देवाचा गाडा. हो, वाईचं बावधन, पुण्यातलं नाही. चांदणी चौकाकडे निघू नका.

विश्वकोशाचं कार्यालय बघता येतं का? – निवृत्त शिक्षक, सिंहगड रस्ता

सर, ते कामकाजाचं कार्यालय आहे, बघायला काचेची कपाटं नाहीत. पण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश मुंबई-पुण्यात न करता वाईत बसून केला, १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला, एवढ्यासाठी तुम्हाला दारावरून जावंसं वाटलं तर जरूर जा. तर्कतीर्थ शिकले ती प्राज्ञपाठशाळाही वाईचीच, नारायणशास्त्री मराठ्यांची. १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा याच शास्त्रीबुवांकडे शिकायला आले होते. मला वाटतं, तुम्हाला घाटांपेक्षा हे जास्त आवडेल.

धोमला जावं की पांडवगड चढावा? एकच होईल. – एक जोडपं, बाणेर

चढायची सवय आहे का, ते लिहिलं नाहीत. नसेल तर धोम. तिथे शंकराच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. शेजारी नरसिंहाचं देऊळ. उन्हाळ्यात कुंड कोरडं असेल तर मग चढाच पांडवगड, पण पहाटे.

गाडी नाही. एसटीने वाई होईल का? – दोघी मैत्रिणी, नारायण पेठ

सुखाने होईल. स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी वाईवरूनच जाते. स्टँडवरून गणपती घाट चालत जाण्याजोगा आहे, मेणवलीला रिक्षा करा आणि तिला थांबवून ठेवा, परतीला तिथे मिळेलच असं नाही. रविवारी संध्याकाळी मात्र महाबळेश्वरहून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसू नका, ती वरूनच भरून येते. वाईहून सुटणारी गाडी कितीला आहे, ते सकाळी उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा.