मेल परत आली की आधी आकडा बघ

अरे, मालवणच्या होमस्टेचे फोटो तीनदा पाठवलेस, तिन्ही वेळा मेल परत आली. पण परत आलेल्या मेलमधला आकडा वाचलास का? 5.2.2 म्हणजे समोरच्याची मेलपेटी भरलीय. तिथे तुझा इलाज नाही, सरळ फोन लाव. 5.3.4 असेल तर तुझी मेल जड. जीमेलची मर्यादा 25 एमबी खरी, पण जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि समोरच्याची मर्यादा त्याहून कमी असू शकते. फोटो लहान कर, नाहीतर गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दे. पावसात आपल्याकडे रेंज कशी असते, ठाऊक आहे ना? लिंकच बरी. आणि तुझी पेटी भरली तर ट्रॅशही रिकामा कर. तिथला कचरा 30 दिवस जागा अडवतो.