वाचकांचे प्रश्न : झगाटो खरी की नक्कल? आधी टेप लावा

प्रश्न : इंग्लंडमधला एक मध्यस्थ १९६१ सालची ॲस्टन मार्टिन डीबी४ जीटी झगाटो देऊ करतोय. किंमत संशय यावा इतकी कमी आहे. गाडी खरी आहे का, हे कसं तपासायचं? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : संशय रास्त आहे. डीबी४ ही ॲस्टन मार्टिनची मोटार, जीटी तिची आखूड आवृत्ती, आणि झगाटो म्हणजे त्या जीटीवर इटलीच्या झगाटो कंपनीने बॉडी चढवलेली गाडी. १९६० ते १९६३ या काळात अशा फक्त १९ गाड्या झाल्या. ठरल्या होत्या २५, पण तेव्हा गिऱ्हाईक मिळेना. त्या १९ गाड्यांचा माग संग्राहकांनी ठेवलेला आहे, त्यामुळे ‘जुन्या गोदामात सापडली’ असं कोणी सांगू लागला की बोलणी तिथेच थांबवा.

गाडी बघायला गेलात तर खिशात साधी टेप ठेवा. पुढची चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी मोजा. जीटीचं माप सुमारे २३६ सेंटिमीटर येतं. साध्या डीबी४चं येतं सुमारे २४९. बहुतेक नकला साध्या डीबी४वर झगाटोसारखी बॉडी चढवून केलेल्या असतात. हुशार कारागीर चासी कापून आखूड करतो, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन फ्लोअरचे जोड खालून बघा. मग बॉनेट उघडा. सहा सिलिंडर, ३६७० सीसी, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण बारा प्लग, दोन डिस्ट्रिब्युटर आणि तीन वेबर कार्ब्युरेटर दिसायला हवेत.

बॉडी ॲल्युमिनियमची असल्याने रंगाखालची पुट्टी लोहचुंबकाने हुडकायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं यंत्रच लागतं. ॲल्युमिनियम जिथे लोखंडी सांगाड्याला टेकतं तिथे ओल धरून गंज चढतो. त्यामुळे दाराखालची पट्टी आणि चाकांच्या कमानींवर रंगाला फोड आलेत का, ते बोट फिरवून बघा.

नंबराची मात्र गंमत आहे. चासी नंबरात डीबी४जीटी, मग चार आकडे आणि शेवटी आर किंवा एल (उजवं-डावं स्टिअरिंग) असतं. पण १९९१ साली कंपनीच्या संमतीने आणखी चार गाड्या बांधल्या गेल्या, त्या जुन्या न वापरलेल्या नंबरांवरच. म्हणजे नंबर मालिकेतला असूनही गाडी १९९१ची असू शकते. नंबराच्या प्लेटवर समाधान मानू नका, त्या नंबराची गाडी कोणत्या साली बांधली याची कारखान्याच्या दप्तरातली नोंद मागा. २०१९ साली कंपनीने इंग्लंडमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कारखान्यात पुन्हा अशाच १९ गाड्या केल्या. त्या डीबीएस जीटी झगाटो या नव्या मॉडेलसोबत जोडीने विकल्या; जोडीची किंमत होती कर सोडून ६० लाख पौंड, आणि जोडीतली ही जुन्या वळणाची गाडी फक्त ट्रॅकसाठी, रस्त्यावर नाही.

प्रश्न : अशी गाडी एमएच-१३ मध्ये (सोलापूर आरटीओत) व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? (विजापूर रोड)

उत्तर : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली असतील आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तर येईल. २०२१च्या नियमांनुसार फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), विमा, आणि परदेशातून आणली असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) लागतं. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. १९९१च्या गाडीला २०४१च्या आधी ही सवलत मिळणार नाही. नोंद झाली तरी रोज बाजारात न्यायची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढता येते.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात हे इंजिन टिकेल का? आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय?

उत्तर : पाण्याच्या तापमानाच्या काट्यापेक्षा इंजिन ऑइलच्या दाबाचा काटा बघत चला. ॲस्टन मार्टिनचे अभियंते टॅडेक मारेक यांनी हे इंजिन ओतीव लोखंडाचं धरून आखलं होतं, प्रत्यक्षात ब्लॉक झाला ॲल्युमिनियमचा. तो तापून फुगला की मेन बेअरिंगमधली फट वाढते आणि तेलाचा दाब उतरतो. दाब पडू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडा. पुण्याच्या हायवेवर मे महिन्यात दुपारी सलग वेगात पळवणं म्हणजे बेअरिंगशी वैर.

ई-२०साठी सगळे जुने रबरी पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल सोसणारे घाला. इथेनॉलने मिश्रण पातळ पडतं, म्हणून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) एखादा नंबर मोठे लागू शकतात. प्लगचा रंग बघून ठरवा, अंदाजाने नको. दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटर कोरडे होईपर्यंत इंजिन चालवा. नाहीतर पावसाळ्यात इथेनॉल हवेतली ओल शोषतं, पाणी तळाला बसतं आणि जेट तुंबतात.

प्रश्न : तारांच्या चाकांचा मधला नट कुठल्या बाजूला फिरवायचा?

उत्तर : गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचा आटा (घड्याळाच्या दिशेने आवळतो), उजव्या बाजूला उलटा. चाक जमिनीपासून उचललेलं असताना तांब्याच्या हातोडीने ठोकून आवळा, स्प्लाइनला (चाक ज्यावर बसतं त्या हबच्या दात्यांना) ग्रीस लावा, आणि ४०-५० किलोमीटर चालल्यावर परत ठोकून बघा. सैल नटाने स्प्लाइन झिजतात, आणि मग अख्खा हब बदलावा लागतो.