‘माझं काही तत्त्वच उरलं नाही’ असं म्हणणाऱ्या शिक्षकांसाठी

शिक्षक समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवात बहुधा झोपेपासून, चिडचिडीपासून नाहीतर बसलेल्या घशापासून होते. मनातलं खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतं. ‘डी.एड.ला असताना शिक्षणाबद्दल जे मनापासून लिहिलं होतं, त्यातलं आज मी काहीच करत नाही. नुसता पोर्शन संपवते.’ शाळा वेगळी, विषय वेगळा, बोलणं हेच. ते इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की एका शिक्षिकेच्या निमित्तानं सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

बाई सहावीला मराठी आणि इतिहास शिकवत होत्या. अनुदानित शाळा, वर्गात 38 मुलं, 35 मिनिटांची तासिका, नोकरीला बारा वर्षं झालेली. एका प्रशिक्षणात ‘माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान’ यावर एक पान लिहायला सांगितलं आणि त्यांचं पेनच चालेना.

‘मग शेवटी काय लिहिलंत?’

‘सगळे लिहितात तेच. सर्वांगीण विकास, आनंददायी शिक्षण, बालककेंद्री वर्ग. लिहिताना लाज वाटत होती, मॅडम. आदल्याच दिवशी एका मुलावर इतकी ओरडले होते, की शाळा सुटेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.’

‘ते पान आणि ते ओरडणं, यातलं खरं कोणतं?’

‘ओरडणं,’ बाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या.

गाठ इथे होती. मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेनं, म्हणजे अविवेकी हट्ट तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ही वाट दाखवली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी ती रुजवली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला अट्टहास आपल्याला जास्त पिळतो, हे तिचं सांगणं मला शिक्षकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पटतं. पानावरचं तत्त्व 38 च्या 38 मुलांना, रोज, प्रत्येक तासाला लागू पडायलाच हवं. एकदा जरी मोडलं तर पान खोटं आणि आपण ढोंगी, असा बाईंचा हिशेब होता.

‘38 पैकी 38? पत्र्यावर पाऊस वाजतोय, सातवा तास आहे, तेव्हासुद्धा?’

‘ते कसं शक्य आहे?’

‘मग ही अट घातली कुणी?’

बाई गप्प बसल्या. पण अट चुकीची आहे हे कळलं, म्हणून माणसाचा स्वतःवर विश्वास लगेच बसत नाही. शिक्षकाला तर पुरावा लागतो. म्हणून त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी तत्त्वज्ञान लिहून आणू नका, दहा वह्या आणा. दोन पुढे असलेल्या मुलांच्या, पाच मधल्यांच्या, तीन मागे पडलेल्यांच्या. सोबत टाचणवही (पाठाची तयारी लिहायची वही) आणि एका तासिकेची तीन दिवसांची नोंद.

ही नोंद नीट झाली तरच उपयोगाची, म्हणून ती कशी करायची ते सांगते. मुख्याध्यापकांना कल्पना द्यायची आणि मोबाइलवर फक्त आवाज मुद्रित करायचा. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तोच वर्ग आणि तोच तास. पाठनिरीक्षणाचा दिवस नको, कारण त्या दिवशी आपण वेगळेच असतो. घरी कागदावर वर्गाचा बैठक-नकाशा काढून ऐकायला बसायचं. ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ, ज्याच्यावर आवाज चढला तिथे गोल. प्रश्न विचारल्यापासून आपण पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले, ते बाजूला लिहायचं. खुणा झाल्या की मुद्रण पुसून टाकायचं. पुष्कळ जण स्वतःचा आवाज ऐकूनच खचतात आणि पहिल्या पाच मिनिटांत बंद करतात. हातात पेन्सिल असेल आणि तीनच गोष्टी मोजायच्या असतील, तर ऐकवतं.

बाईंच्या नकाशात तीन दिवसांच्या सगळ्या रेघा अकरा मुलांच्या चौकोनांत पडल्या होत्या. उत्तरासाठी त्या धड एक सेकंदही थांबत नव्हत्या. स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्याचं नाव घेत. हे काही बाईंचं वेगळेपण नव्हे. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून हेच नोंदवलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात.

गोल मात्र सगळे तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत होते. त्या वेळी बाई वह्या तपासायला बसत आणि वर्गाला करायला काहीच नसे. म्हणजे ओरडण्याचं मूळ मुलांवरची माया आटण्यात नव्हतं. एका बैठकीत 38 वह्या उरकायच्या आणि 38 रिकामे हात शांत ठेवायचे, ही मांडणीच कुणालाही ओरडायला लावणारी होती.

मग आम्ही वह्या उघडल्या. चुकलेल्या शब्दांवर कुठेही लाल फुली नव्हती. समासात, ओळीच्या टोकाला, एक बारीक ठिपका होता.

‘हा ठिपका कसला?’

‘त्या ओळीत काहीतरी चुकलंय, एवढंच सांगणारा. कुठे चुकलंय ते त्यांनी शोधायचं.’

‘इथे ठिपका नाही, शब्दाखाली रेघ आहे.’

‘त्या मुलीला अख्खी ओळ दिली तर सापडत नाही. म्हणून तिला शब्द दाखवते. पण दुरुस्त तिनंच करायचा.’

‘आणि वेळ नसला की?’

‘वह्या कमी तपासते. पण ठिपकाच देते. बरोबर शब्द लिहून दिला की मुलं तो उतरवतात, बघत नाहीत.’

‘कधीपासून करता हे?’

‘पहिल्या वर्षापासूनच असेल. कुणी सांगितलं नव्हतं.’

‘बाई, त्या प्रशिक्षणात तुम्हाला हेच पान लिहायचं होतं.’

आधी त्या हसल्या. ‘हे? ही तर वही तपासायची सवय आहे.’ मग ती वही त्यांनी स्वतःकडे ओढली आणि मागची पानं चाळू लागल्या. जूनच्या पानांवर त्या मुलीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत रेघ होती, ऑगस्टच्या पानांवर रेघांच्या जागी कुठे कुठे ठिपके आले होते. तिला आता पूर्ण ओळ दिली तरी चालते, हे बाईंच्या हातानं कधीच ओळखलं होतं. त्यांना स्वतःला ते माझ्यासमोर बसल्यावर दिसलं.

शिक्षकाचा शिक्षणावरचा विश्वास शोधायची जागा त्याच्या निबंधात नसते, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे. वेळ मुबलक असताना चांगलं सगळेच करतात. आठ मिनिटं उरली आहेत, दोन पानं शिल्लक आहेत, ऑफिसातून माहिती मागायला शिपाई दारात उभा आहे; त्या घडीला तुम्ही काय सोडता आणि काय सोडत नाही, तिथे तुमचं तत्त्व असतं. बाईंनी उपक्रम सोडले, गटकार्य सोडलं, श्रुतलेखनही सोडलं. ठिपका सोडला नाही. खूण आणि वेळ दिला तर मूल आपली चूक स्वतः शोधतं, यावर त्यांची बारा वर्षांची न बोललेली श्रद्धा होती.

खरी विसंगतीही तिथेच उघडी पडली. वहीत बाई मुलाला भरपूर वेळ देत होत्या आणि तोंडी प्रश्नाला एक सेकंदसुद्धा देत नव्हत्या. एवढं अंतर दिसलं की ते कापता येतं. ‘मी ढोंगी आहे’ या वाक्याचं काहीच करता येत नाही.

मोठ्या शिक्षकांचं तत्त्वही असंच नजरेला पडणाऱ्या गोष्टींत होतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत त्या कोसबाडला गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘मुलांपर्यंत शिक्षण पोचावं’ असं वाक्य कुणीही लिहील. त्यांच्या कुरणशाळेत ते वाक्य जागा आणि वेळ बदलून उभं होतं.

बाईंनी पुढे जे केलं ते कुणालाही करता येईल. रोज आठच वह्या तपासायच्या, पाच दिवसांत 38 होतात. त्या वेळात बाकीच्यांनी जोडीनं आधीच्या ठिपक्यांच्या चुका शोधायच्या. प्रश्नानंतर तीन सेकंद बोटांवर मोजायचे, तेही दिवसातून एकाच तासाला. सगळे तास एकदम बदलायला गेलात तर दोन दिवसांत सुटतं. मुलांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ठेवायची, त्यातून एक काढायची. इथे एक अडचण येते: बुजरं मूल नाव निघाल्यावर थिजतं. त्याला ‘पास’ म्हणायची मुभा द्यायची आणि दोन उत्तरांनंतर आठवणीनं त्याच्याकडे परत यायचं. परत गेला नाहीत तर ‘पास’ हा सुटकेचा मार्ग होतो. बैठक-नकाशा जपून ठेवायचा. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या दैनंदिन निरीक्षणाच्या नोंदी त्यावरूनच लिहिता येतात, वेगळं काम वाढत नाही.

आता ते पान. चार वाक्यं पुरतात. मुलं कशानं शिकतात असं मला वाटतं. त्यासाठी मी वर्गात नेमकं काय करते. ते साधतंय हे मला कशावरून कळतं. आणि कितीही घाई असली तरी मी काय करणार नाही. प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावायची: सोमवारी तिसऱ्या तासाला दारात उभ्या राहिलेल्या माणसाला हे दिसेल का? ‘सर्वांगीण विकास’ दिसत नाही. ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः उभारतं हा विचार, तोही नुसत्या नावानं दिसत नाही. 2015 नंतर राज्य सरकारच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात त्याच नावाखाली कितीतरी वर्गांच्या फरशा रंगल्या. जिथे मूल त्या आखणीवर स्वतः काही मांडतं तिथेच रचनावाद आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘प्रत्येक’ हे शब्द खोडून टाका, कारण पहिल्याच वाईट दिवशी ते तुम्हाला खोटं पाडतात. सात-आठ मूल्यांची यादी करू नका. एक किंवा दोन पुरे.

परिस्थितीचं काय, असं बाईंनी विचारलं आणि तो प्रश्न रास्त होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नयेत असं सांगतं. या तीन कामांचा भार तुम्हाला टाळता येणार नाही, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. त्यापलीकडच्या कामाबद्दल मात्र संघटनेमार्फत लेखी विचारा. त्याच कायद्याचं कलम 29 मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवायला सांगतं, कृतीतून आणि शोधातून शिकू द्यायला सांगतं. म्हणजे तुमचं ते पान हा काही खासगी स्वप्नाळूपणा नाही. शाळेत मुलांना मारण्याची रीत असेल तर गोष्ट वेगळी. कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तिथे मन वळवण्याचे उपाय सोडा आणि तक्रार करा.

एक सावधगिरी. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ते दुखणं तत्त्वज्ञानाचं नसतं आणि पान लिहून बरं होत नाही.

नुकतं बी.एड. झालेली मुलं मुलाखतीच्या धास्तीनं येतात, त्यांनाही मी हेच सांगते. विचारवंतांची नावं घेण्याआधी सराव पाठातली एक सवय एका मिनिटात सांगा: काय केलं, का केलं, मुलांत काय बदललं. ती तुमची असेल तर पुढच्या उलटप्रश्नांना उत्तरं आपोआप सुचतात.

बाईंचं पान अखेर असं झालं: ‘चूक स्वतः सापडली की मूल ती विसरत नाही, असं मला वाटतं. म्हणून मी वहीत ठिपका देते आणि प्रश्नानंतर तीन सेकंद थांबते. ठिपके कमी होतात का आणि नकाशात नव्या चौकोनांत रेघा पडतात का, हे मी महिन्यातून एकदा बघते. घाईतही मी मुलाचं उत्तर त्याच्याऐवजी देणार नाही.’ दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी नकाशा पुन्हा काढला. रेघा सव्वीस मुलांपर्यंत पोचल्या होत्या. गोल दोन उरले होते, दोन्ही गुरुवारचे, आणि गुरुवारी वर्गाला शेवटच्या दहा मिनिटांत काय द्यायचं यावर आम्ही पुढची भेट घालवली.