भाचा होडी चालवतो, मला धास्ती वाटते

प्रश्न : दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं घरगुती पर्यटन निवास आहे. यंदा १८ फुटी फायबरची होडी घेतली, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. कॉलेजातला भाचा ती चालवतो, मच्छीमारांचं बघून शिकलाय. पाहुण्यांची मुलं नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाय सोडून बसतात आणि हा त्यांना सुसाट फिरवून आणतो. मी उगाच घाबरते का?
– एक वाचक

उत्तर : ताई, उगाच नाही. मी २६ वर्षं खाडीत माणसांची ने-आण करणारी तर (होडी) चालवली, आणि मला नाळेवरच्या त्या पायांचीच भीती वाटते. १५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरला, होडी सेकंदाला जवळपास ८ मीटर जाते. तुमची अख्खी होडी साडेपाच मीटरची. पुढून पोर पडलं तर 'अरे' म्हणेपर्यंत इंजिनाचा पंखा त्याच्यावर आलेला असतो. तेव्हा नाळेवर कुणी नाही. सगळे आत, खाली बसलेले. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळून लावलेलं. ढिलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो.

आता भाच्याला विचारा, इंजिनाची लाल गुंडाळी दोरी कुठे असते? बहुतेक ती क्लिपसकट इंजिनालाच लटकलेली सापडेल. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला हवं. तो उलथला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी होडी गोल गोल फिरून पडलेल्याच्याच अंगावर येते. तरुण पोरांना दोरी बांधायची लाज वाटते. मलाही वाटायची.

माणूस पडला तर ज्या बाजूला पडला त्याच बाजूला होडी वळवायची, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून लांब फेकला जातो. उलट वळवली की पंखा थेट त्याच्याकडे. आणि त्याला वर घेताना इंजिन बंदच. न्यूट्रल चालणार नाही. ओढाताणीत कुणाचा तरी हात लिव्हरला लागतोच.

समोरून होडी आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी, उजवीकडून येणारी असेल तर तिला वाट द्यायची. पण जाळ्याचे बोये (तरंगत्या खुणा) दिसले की हक्काच्या गोष्टी बाजूला ठेवून लांबून वळसा घाला.

हात चांगला असणं पुरत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसं गेली. होडीला ब्रेक नसतो, ताई. म्हणून पैसे घेऊन पाहुणे फिरवायचे तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडची नोंदणी, होडीची तपासणी आणि चालवणाऱ्याचा परवाना आधी. भाच्याला गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोटीच्या प्रशिक्षणाला पाठवा.

तोवर घरची परीक्षा घ्या. पाच लिटरचा रिकामा डबा घ्या, वाऱ्याने पळू नये म्हणून तळाशी थोडं पाणी, झाकण घट्ट. तो पाण्यात टाकून भाच्याला सांगा, वाऱ्याकडे नाळ करून हळू जवळ ये, इंजिन बंद कर आणि हाताने उचल. दहापैकी दहा वेळा जमलं तरच पाहुणे बसवा. माझा पहिला डबा पंख्याखाली फाटला होता.