शब्दसूची उघडण्याआधी
भाऊ, जालना-परभणीकडं इब्री (बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा) शिकवणारं माणूस सहजी भेटत नाही, म्हणून बहुतेकांची भिस्त स्ट्राँगच्या 1890 च्या शब्दसूचीवर, म्हणजे बायबलमधला कुठला शब्द कुठल्या वचनात येतो ते सांगणाऱ्या आणि मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या पुस्तकावर. चालतंय. पण ती किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आहे, आपल्या मराठी पवित्र शास्त्रावर नाही. आधी किंग जेम्समधलं वचन काढा, शब्दाचा क्रमांक घ्या (इब्री 'हेसेद', म्हणजे दया, याचा क्रमांक 2617), मग त्या क्रमांकाची सगळी वचनं वाचा. कोशातले सगळे अर्थ एकाच वचनात कोंबू नका. नवखे हमखास इथंच फसतात. इब्री प्रतीत अध्याय-वचनांचे आकडेही सरकतात: स्तोत्र 51 चं शीर्षकच दोन वचनं खातं, म्हणून आपलं पहिलं तिथं तिसरं. मलाखीचा चौथा अध्याय तर तिथं तिसऱ्यातच येतो. भाष्यग्रंथ शेवटी उघडा.