आधी तिचा दिवस विचार

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास तेव्हा रागावलेला होतास आणि रागापेक्षा जास्त खचलेला होतास. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या विडी कामगार बाईने क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडल्या. औषध फुकट, तपासणी फुकट, क्षयरुग्णांच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये, आणि तरीही ती सोडते, तर माणसांना बरे व्हायचेच नसते की काय, असे तू विचारलेस. जनआरोग्य सोडून रेडिऑलॉजीला जावे का, हेही विचारलेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुझे तू शोध. पहिल्याचे मी देते, कारण तिची सगळी हकीकत सांगताना तू तिचा दिवस सांगितलाच नाहीस.

तू खोकला विचारलास, वजन घेतलेस, घरात आणखी कोणाला क्षय होता का याची चौकशी केलीस. ती किती वाजता उठते, नळाला पाणी कधी येते, दिवसाला किती विड्या वळते, माल जमा करायला कधी जाते आणि दिवसातला पहिला घास किती वाजता पोटात जातो, यातले काहीही तुला ठाऊक नाही. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरीत असताना असे दिवस मी पुष्कळ ऐकले, म्हणून तिचाही सांगू शकते. सोलापुरात पाणी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते, आणि अपरात्री आले तरी घरातल्या बाईलाच उठावे लागते. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, त्याची धूळ नाकात, आणि उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांची मळमळ. अशा अवस्थेत तिचा हजार पुरा होत नाही, आणि जेवढ्या विड्या कमी भरल्या तेवढे पैसे कमी मिळतात. दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो. आता गोळी आपल्याला वाचवते आहे हे तिला दिसत नाही, पण गोळी आपली मजुरी खाते आहे हे मात्र मजुरीच्या दिवशी स्पष्ट दिसते. तिने हिशेब केला आहे, डॉक्टर. तो चुकीचा आहे, जिवावर बेतणारा आहे, तरी हिशेबच आहे, आणि त्याला भिंतीवरच्या तक्त्याने उत्तर देता येत नाही. म्हणून म्हणते, आधी दिवस विचार.

हे म्हातारीचे हळवेपण आहे असे समजू नकोस. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना काही महिने जादा शिधा देऊन पाहिला गेला. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत सूक्ष्म पोषक द्रव्ये, एवढेच. घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. तू वाचले असशील, नसशील तर वाच.

पाणी, मजुरी आणि घर डॉक्टरच्या हातात नाही, असे तू म्हणालास. हातात नाही हे खरे, पण कागदावर तर आणता येते? सोलापूरजवळ कुंभारीला २००६ साली विडी कामगार स्त्रियांना जी दहा हजार घरे मिळाली, ती संघटनेने भांडून मिळवली. एकाच खोलीत तंबाखूची पिशवी आणि झोपलेली मुले असणे हा आजाराचा भाग आहे, असे आमच्यापैकी फार थोड्यांनी कधी लिहून ठेवले होते. ज्या विडी उपकरातून कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत, तो २०१७ मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला. त्या वेळी दाखवायला आमच्या केसपेपरांत काय होते? मी जिथे नोकरी केली तिथे केसपेपरवर कामाचे तास आणि जेवणाची वेळ यांसाठी एक रकाना मागितला होता. केसपेपर म्हणजे कादंबरी नव्हे, असे उत्तर मिळाले. मग मी माझ्या वहीत लिहीत राहिले. वह्या भरल्या, रकाना काही आला नाही, आणि ती खंत निवृत्तीनंतरही जात नाही. माझ्या खोलीबाहेर रांग लागते, बाई फार वेळ घेतात, अशी तक्रार नेहमी असे. घेत होते वेळ. रांगेतल्या माणसांची मजुरी त्यात बुडत होती हे मला कळत नव्हते असे नाही. पण दोन मिनिटांत उरकलेला रुग्ण पुन्हा त्याच रांगेत येऊन उभा राहतो, हेही मी रोज पाहत होते.

हे चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचे गाव आहे. त्यांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे वेळेवर हजर असतात. चीनला जायला तुला कोणी सांगत नाही, पूर्व भागात जा.

माल जमा करायची वेळ टाळून जा. आधी पासबुक माग. पैसे मिळतात असे तू योजनेच्या कागदावरून म्हणालास, तिच्या खात्यावरून नव्हे. गोळ्यांची वेळ बदलता येईल का आणि मळमळीवर काय देता येईल, हे वरिष्ठांना विचारून ठेव. क्षयरुग्णांना आपणहून मदत करणाऱ्या एखाद्या निक्षय मित्राकडून शिधा मिळवता येईल का ते पाहा. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि तुला ती येत नाही, म्हणून वस्तीतल्या आशा कार्यकर्तीला बरोबर ने. तिच्या मुलीला दुभाषी करू नकोस. आपण काय खातो आणि काय खात नाही, हे कोणतीही आई मुलीच्या तोंडून डॉक्टरला सांगणार नाही.

कळावे,
तुझी शुभचिंतक