आरसे किती गेले, काका?

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर सुरुवातीलाच सापडलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. "ऑपरेशन की शेक, तुम्हीच सांगा मॅडम. माझं डोकं चालेनासं झालंय." शेक म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एकदा लिहूनच काढावं म्हटलं. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कोणता उपचार घ्यावा हे सांगणं माझं काम नाही. डोकं का चालेनासं झालं, एवढंच मी बघते. खालची गोष्ट दोन-तीन जणांची मिळून एक केली आहे, आणि ओळख पटेल असं तिच्यात काही ठेवलेलं नाही.

ड्रायव्हरकाका ६६ वर्षांचे. एस.टी.त लांब पल्ल्याच्या गाड्यांवर चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) आठच्या थोडा वर, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचं माप) ३+४, गाठ प्रोस्टेटच्या आतच. ऑपरेशनचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, शेकही तितकाच चालेल, विचार करून सांगा. त्या 'विचार करून सांगा'नं काकांची पाच आठवड्यांची झोप गेली. पुण्याहून मुलगा रोज फोनवर म्हणायचा, "काढून टाका, विषय संपवा." साडू म्हणायचे, एकदा शेक घेतला की पुढे ऑपरेशन होत नाही, मग काय करशील?

पहिल्या भेटीत त्यांनी वेगळंच विचारलं. "शेक घेतल्यावर नातीला मांडीवर घेता येईल ना?"

मी उत्साहानं समजावलं. 'शेक' हा शब्दच घोटाळ्याचा. ऐकलं की गरम पाण्याची पिशवी नाहीतर तवा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात टेबलावर झोपायचं, मशीन अंगाला न शिवता भोवती फिरतं, काही मिनिटांत उठायचं. गरम लागत नाही, दुखत नाही. एक्स-रे काढून घरी आल्यावर अंगात काही उरत नाही, तसंच बाहेरून दिलेल्या या किरणांचं. नात खुशाल मांडीवर घ्या. प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी आयोडीनचे बारीक दाणे कायमचे बसवतात, त्या प्रकारात मात्र काही आठवडे ते महिने लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत जपावं लागतं. तो तुमचा उपचार नाही.

"बरं," काका म्हणाले. पुढच्या भेटीत परत तोच प्रश्न, शब्दही तेच.

इतक्या वर्षांनंतरही मी इथे फसते, हे कबूल करते. माहिती दिली की भीती जाईल असं वाटतं. पण उत्तर मिळूनही प्रश्न परत येतो, तेव्हा माणूस बहुतेक वेळा दुसरंच काही विचारत असतो.

मी समुपदेशनाच्या ज्या विवेकनिष्ठ पठडीत (माणसाचे हट्टी, अवास्तव विचार तपासणाऱ्या) शिकले, तिथे 'च' ऐकायला शिकवतात. मराठीत ही मोठी सोय आहे. माणसाचा हट्ट कुठे आहे ते एक अक्षर दाखवून देतं. मी काकांना बोलू दिलं आणि कागदावर नुसत्या रेघा मारत गेले. "निर्णय बरोबरच आला पाहिजे." "मी चुकायलाच नको." "शंभर टक्के खात्रीच पाहिजे, नायतर नकोच." दहा मिनिटांत चौदा रेघा. कागद दाखवला तर काका म्हणाले, "मग काय, चुकायचं का? जिवाशी खेळ हाय हा."

काकू बाहेर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, "ह्यांचं आयुष्यभर असंच. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालाय. अजून शोकेसमध्ये पुसून ठेवतात."

मी विचारलं, "काका, चौतीस वर्षांत गाडीला कधी काहीच झालं नाही?"

"अपघात नाय."

"अपघाताचं नाही विचारत. आरसे किती गेले?"

काका गप्प झाले. मग हसू दाबत म्हणाले, "तीन. त्यातला एक तर डेपोच्या गेटलाच. एकदा बंपर. मागची लाइट गेली, ती वडापवाल्यानं घालवली, माझी चूक नव्हती."

"मग बिल्ला कसा काय दिला?"

"आरसा म्हंजे अपघात न्हवं, मॅडम." इतकं साधं मला कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

मी काहीच बोलले नाही. त्या शांततेचं श्रेय मी स्वतःला देते, कारण तिथे बोलायचा मोह भारी असतो. काका खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे ह्या दोन्हीत अपघात कुठला आन् आरसा कुठला, ते बघायचं."

त्यानंतर मी आकडे काढले. पहिल्या दिवशी काढले असते तर वाया गेले असते. इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर, वय ५० ते ६९. काहींचं ऑपरेशन, काहींना शेक, काहींवर नुसती नियमित देखरेख. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापून आला. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेलेले शंभरात तीनच्या आसपास. देखरेखीच्या गटात आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात नऊ, बाकी दोन्हींत पाच. पण ऑपरेशन आणि शेक यांच्यात जीव वाचण्याच्या बाबतीत फरक जवळजवळ नाहीच. अपघात टाळण्यात दोन्ही सारखे. फरक आहे तो आरशांत.

ऑपरेशननंतर लघवी गळण्याचा त्रास जास्त. सात ते बारा वर्षांनीही त्या गटातले शंभरात अठरा ते चोवीस जण पॅड वापरत होते, शेकाच्या गटात तीन ते आठ. उलट बारा वर्षांनी शौचावरचा ताबा सुटण्याचा त्रास शेकाच्या गटात शंभरात बाराजणांना, इतरांत सहांना. शेकानंतर कधी कधी शौचातून रक्तही जातं. लिंगाची ताठरता दोन्हींत कमी होते, ऑपरेशननं एकदम, शेकानं हळूहळू, आणि वयानं कुणाचीच सुटका नाही.

साडूंचं म्हणणं खोटं नव्हतं. शेकानंतर त्याच जागी ऑपरेशन करणं अवघड असतं, तर ऑपरेशननंतर गरज पडल्यास शेक देता येतो. पण हा डॉक्टरांना विचारायचा एक मुद्दा आहे, निकाल नाही.

मग फक्त विचारलं, "कोणता आरसा गेला तर गाडी चालवता येईल?"

काका म्हणाले, "मी एकादशीला भजनाला दोन-दोन तास मांडी घालून बसतो. गळती लागली तर उठून यावं लागंल. ते नाय जमायचं." काकू चहाचं बघायला बाहेर गेल्या तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "ते दुसरं… ह्या वयात विचारावं का?" मी म्हटलं, विचारावंच. (हा 'च' माझा, आणि तो मी मागे घेणार नाही.) ६६व्या वर्षी शरीरसंबंध असतात, पण त्याबद्दल बोलायची सोय नसते. डॉक्टरला वेळ नसतो आणि रुग्णाला लाज वाटते, मग माणूस नातीला मांडीवर घेण्याबद्दल विचारत बसतो. पुढच्या तपासणीत काकांनी तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात दिला. उत्तर दोन मिनिटांत मिळालं, शिवाय त्यावर औषधं असतात हेही कळलं.

याच टप्प्यावर असलेल्यांना माझं सांगणं आहे. या अवस्थेत निर्णयाला काही आठवडे घेतले तर सहसा बिघडत नाही. तुम्हाला किती दिवस थांबता येईल, हे डॉक्टरांना सरळ विचारा. दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना भेटा, कारण माणूस आपल्या हातातलं हत्यार आधी दाखवतो. ग्लीसन ३+३ आणि पीएसए दहाच्या आत असेल तर 'मला नुसत्या देखरेखीवर राहता येईल का?' हा प्रश्न आधी विचारा. मुलांची घाई ही मुलांची भीती असते. तिला उत्तर द्या, पण तिच्यासाठी सही करू नका.

काकांनी शेक निवडला. चार आठवडे, शनिवार-रविवार सोडून, वीस वेळा. मशीनची दिशा चुकू नये म्हणून ओटीपोटावर गोंदणाचे बारीक ठिपके घातले. रोज पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं हवं. मूत्राशय भरलं की त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. त्यासाठी आधी अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायचं. पुष्कळजण याच गोष्टीला घाबरतात, टेबलावर कपडे ओले झाले तर?

"मॅडम," काका म्हणाले, "चौतीस वर्षं तेच केलंय. सगळं प्याशेंजर उतरल्याबिगर ड्रायव्हरला कुठं जाता येतंय?"

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. लघवीला जळजळ, रात्री चार-पाचदा उठणं, दुपारी गळून गेल्यासारखं. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. शेक संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचं ओसरतं. गोळी सुरू झाली होती.

"आरसा हलतोय जरा," काका म्हणाले. "पडला नाय अजून."

शेक संपून तीन महिन्यांनी पीएसए निम्म्यावर आला, तर मुलगा अस्वस्थ. शून्य का नाही? ऑपरेशननंतर तो झपाट्यानं खाली जातो, कारण ग्रंथीच काढलेली असते. शेकानंतर ती जागेवरच असते, त्यामुळे आकडा हळूहळू, कधी दीड-दोन वर्षं उतरत राहतो, आणि मध्येच थोडा वर उसळूनही परत खाली येतो. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी मुलाच्या हातातून रिपोर्ट काढून घेतला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "चल, सव्वापाचची गाडी हाय."